म्हातारीचं सूप

नवसू रेल्वेची नोकरी सोडून पाड्यावर परत आला, तेव्हा विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यानं एकच सांगितलं, "मीच लाथ मारली नोकरीला." ते खरं होतं. फक्त लाथ मारल्यापासून आपलाच पाय दुखतोय, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

तो आटगावच्या बाजूला रुळाखाली खडी ठोकणाऱ्या टोळीत होता. काम हाडं खिळखिळी करणारं, पण पगार महिन्याच्या महिन्याला आणि राहायला पत्र्याची खोली. एक दिवस मुकादम त्याला म्हणाला, "माझ्या घरी लाकडाचा भारा टाकून ये." बाकीची माणसं असले भारे टाकून येतच होती, त्यात कुणाची अब्रू गेली नव्हती. पण नवसूच्या नाकावर राग कायमचा बसलेला. तो म्हणाला, "मी रेल्वेचा मानूस हाय. तुझ्या घरचा हमाल नाय." मुकादमानं शिवी हासडली. नवसूनं हातातलं घमेलं फेकलं, पितळी बिल्ला काढून त्याच्या पायाशी टाकला आणि चालू लागला. टोळीतल्या माणसांनी तोंडात बोटं घातली. खोलीच्या दारापर्यंत पोचेतो नवसूला आपण फार मोठे झालो असं वाटत होतं.

खोलीत त्याची बायको रंभा भांडी घासत होती. त्यानं रंगवून रंगवून सगळं सांगितलं. तिचा हात थांबला आणि ती स्वतःच्या पोटाकडे बघू लागली. तिला तिसरा महिना होता.

"आता माझं कोन बघनार?" एवढंच ती म्हणाली.

हा प्रश्न काही उगाच नव्हता. थोरली मुलगी बाळी, तिच्या वेळी रंभा अडली होती. रेल्वेच्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना रेल्वेचा दवाखाना मोकळा, म्हणून नवसूनं तिला गाडीत घालून इगतपुरीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आणि नर्सबाईनं शर्थ केली आणि मायलेकी दोघी वाचल्या. नवसूला एक पैसा पडला नाही. उलट परत येताना टॉनिकची बाटली हातात मिळाली, जाड काचेची, पोटावर फुगीर इंग्रजी अक्षरं उमटलेली. पुढे जे झालं ते ह्या बाटलीपायीच. म्हणजे बाटलीचा काय दोष म्हणा, तोंड नवसूचं होतं.

त्याचा पाडा किन्हवलीहून डोंगराकडे निघालं की लागतो. तिथे गोजर नावाची म्हातारी होती. बाळंतपण करायचं तर तिनं, निखळलेला हात बसवायचा तर तिनं, तान्ह्या पोराचं पोट धरलं तर शेक द्यायचा तोही तिनंच. ह्यासाठी तिला पैसे कुणी देत नसे. भात झोडून झालं की ठरल्या दिवशी ती डालगं घेऊन खळ्याखळ्यावर फिरायची आणि प्रत्येक घर तिच्या त्या मोठ्या टोपलीत सूपभर भात घालायचं. वर्षभरात घरात कुणी आजारी पडलेलं असो की नसो, म्हातारीचं सूप चुकायचं नाही. आणि ज्याचं सूप आलं त्याच्या घरी ती भर पावसात यायची, स्वतःच्या अंगात ताप असला तरी यायची. सूप घालायचं ते खळ्यावर, उजेडात, चार माणसांसमोर. कुणाचं आलं आणि कुणाचं राहिलं, हे सगळ्या पाड्याला ठाऊक असायचं.

ज्यानं सूप बंद केलं त्याला ते पुन्हा सुरू करायचं म्हटलं की मात्र भलतंच महाग पडायचं. जितकी वर्षं चुकली तितकी सुपं एकदम घालायची, आणि वर त्या साली म्हातारीचं डालगं आपल्या डोक्यावर घेऊन तिच्या मागून पाड्यातल्या सगळ्या खळ्यांवर हिंडायचं. हा नियम गोजरनं केलेला नव्हता, तिच्या सासूच्याही आधीचा होता. जुनी माणसं म्हणत, असं नसतं तर जो तो पोटात कळ आली की सूप घेऊन धावला असता आणि बरं वाटलं की हात आखडला असता. मग अधल्यामधल्या दिवसांत म्हातारीनं वारा खायचा का? बोलणं चोख होतं. पण माणसांच्या आठवणीत डालगं डोक्यावर घ्यायची पाळी कुणावर आली नव्हती, कारण सूप बंद करण्याइतका शहाणा पाड्यावर कुणी निपजला नव्हता. नवसू निपजला.

बाळी जन्मली त्या साली तो खळ्यासाठी रजा काढून आला होता. शेत चुलतभाऊ करायचा, पण भात झोडायला नवसू हटकून यायचा, कारण तेव्हा माणसं जमतात आणि कमरेचा पितळी बिल्ला सगळ्यांना दिसतो. गोजर डालगं घेऊन आली. नवसूनं सूप उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. मग ती टॉनिकची रिकामी बाटली आणून त्यानं डालग्यात टाकली.

"घे आजे. आमाला आता रेल्वेचा डाक्टर हाय. तुजा पाला तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे."

माणसं खो खो हसली. हसायला काय लागतं, माणसं कशालाही हसतात. गोजरनं बाटली उचलली, उन्हात धरून फिरवून बघितली, डालग्यात परत ठेवली आणि पुढच्या खळ्यावर गेली. त्या सालापासून नवसूचं सूप बंद झालं. त्याला आता सात वर्षं झाली होती.

बिल्ला गेल्यावर नवसूनं आधी दुसरे सगळे दरवाजे ठोठावून पाहिले. आटगाव स्टेशनाजवळच्या रेल्वेच्या छोट्या दवाखान्यात गेला. कंपाउंडर ओळखीचा होता. त्यानं बसायला दिलं, पाणी दिलं, बाळीची चौकशी केली. मग खाली बघत म्हणाला, "नवसू, आता तू आमच्यात नाहीस रे. नोकरीबरोबर हेही जातं."

"मी सहजच आल्तो," नवसू म्हणाला, आणि पाणी न पिताच उठला.

मग तो शहापूरला गेला. तिथल्या खाजगी डॉक्टरच्या माणसानं त्याला उभ्या उभ्या समजावलं. दिवस भरत आले की बाईला शहापुरात आणून ठेवा, त्याचं वेगळं पडेल. डॉक्टरसाहेब किन्हवलीपर्यंत गाडीनं आणि पुढे डोलीतून आले तर त्याचं आणखी वेगळं. औषधं त्याच्यावर. जर्मनची लढाई सुरू झाल्यापासून औषधं तर सोन्याच्या मोलानं येतात, असंही तो म्हणाला. नवसूनं मनातल्या मनात बैलजोडी विकून पाहिली. तरी पुरं पडेना. नोकरीत होता तोवर त्याला वाटायचं की दवाखाना फुकट आहे. त्याची किंमत केवढी होती, ते त्याला शहापूरच्या त्या ओट्यावर कळलं.

मग राहिली एकटी गोजर.

दिवाळी झाली, भात झोडून झालं. रंभाचे पाय सुजले होते. शेजारची सकुबाई तिच्या पोटाकडे बघून गप्प व्हायची आणि विषय बदलायची.

"म्हातारीकडं जा," रंभा म्हणायची.

"जातो."

"कवा?"

"जातो म्हनलो ना!"

सात सुपांचं त्याला काही नव्हतं. भात बरं आलं होतं. त्याच्या छातीवर बसलं होतं ते डालगं. ज्या डोक्यावर त्यानं मुकादमाचा भारा घेतला नाही, त्याच डोक्यावर म्हातारीचं डालगं घेऊन, बाटलीला हसलेल्या त्याच माणसांसमोरून फिरायचं! नुसत्या विचारानं त्याचे कान तापायचे. पाणवठ्यावर कुणी सहज हाक मारली तरी त्याला वाटायचं, ह्याला ठाऊक आहे, हा वाटच बघतोय.

अशा वेळी माणसाला अक्कल सुचते ती नेमकी वाकडी. सगळा पाडा गवत कापायला माळावर गेलेला बघून नवसूनं सात सुपं भात पोत्यात भरलं, गोजरच्या ओट्यावर नेऊन ओतलं आणि ओढ्याच्या वाटेनं गुपचूप घरी आला. सुपं तर पोचली, म्हातारी काय ते समजून जाईल, आणि डालग्याचं कुणी बोलणार नाही, असा त्याचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरनं ते भात गावदेवीसमोर आणवलं. सुपाचा दिवस ठरवायला माणसं तिथे जमलीच होती. धाकलू म्हातारा, पाड्याचा जाणता, झाडाच्या मुळावर बसला होता.

"हे माझ्या ओट्यावर व्हतं," गोजर म्हणाली. "कुनाचं ते सांगा."

धाकलूनं सूप मागवून सगळ्यांसमोर मापलं. बरोबर सात भरली. आता सात सुपं कुणाची असणार, हे कळायला डोळ्यांचीही गरज नव्हती. सगळे गप्प उभे राहिले. ते नवसूकडे बघत नव्हते, आणि तेच फार वाईट होतं. त्यांनी त्याला बोलायला जागा करून दिली होती. गोजरही थांबली होती. बायकांच्या घोळक्यात रंभा एका हातानं कंबर धरून उभी होती. भात कणगीतून कमी झालेलं तिनं पाहिलं होतं.

नवसूनं तोंड उघडलं आणि म्हणाला, "कुनी देवीला बोललं असंल."

धाकलूनं त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं. मग देवीलाच जाऊ दे." आणि सात सुपं भात देवीच्या जेवणासाठी आत गेलं. ते ना म्हातारीचं झालं, ना नवसूचं राहिलं.

घरी आल्यावर रंभा चुलीपाशी बसली. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती हळूच म्हणाली, "मानसं हसतील म्हनून गप बसलात ना? मी मेले तर कुनी हसनार नाय. मग बरं वाटंल का तुमाला?"

नवसूला लाज वाटली. ह्याआधी कधी वाटली नव्हती अशी वाटली. आजवर त्याला लोकांची लाज वाटत होती, ही स्वतःची होती. बायकोसमोर उभं राहवेना, म्हणून तो बाहेर पडला आणि पाय नेतील तिकडे गेला. पायांनी त्याला गोजरच्या दारात नेलं.

म्हातारी उन्हात बसून बिब्बे निवडत होती.

"आजे, ते भात माजं व्हतं."

"ठाऊक हाय."

"मग देवीला का जाऊ दिलंस?"

"मी विचारलं व्हतं. तू बोलला नायस." तिनं एक बिब्बा बाजूला टाकला. "तुजा राग नाय रे मला. पन तुला असंच सोडलं, तर फुडच्या साली आनिक चार घरं सूप बंद करतील. लागंल तवा चोरून वतून जातील. मग मी म्हातारी काय खाऊ?"

नवसू तिच्यासमोर उकिडवा बसला.

"सुपाचा दिस परवा हाय," ती म्हणाली. "डालगं दारात असंल."

सुपाच्या दिवशी सकाळी नवसूनं गोजरच्या दारातलं डालगं उचललं आणि डोक्यावर घेतलं. रिकामंच होतं, पण मान आत गेली. पुढे काठी टेकत म्हातारी, मागे नवसू. पहिल्याच खळ्यावर तरणी पोरं बसली होती. त्यातला एक उठून उभा राहिला आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्यानं इंजिनाची शिट्टी मारली. "गाडी आली रे! गार्डसायेब, सिग्नल पडला का?" सगळे खिदळले. नवसूच्या कपाळावर घाम आला आणि हात डालग्यात गुंतलेले, पुसताही येईना. दुसऱ्या खळ्यावर एका बाईनं भात घालताना विचारलं, "बाटली नाय का आनली आज?" त्यानं ऐकलं आणि गिळलं. डालगं भरलं की गोजरच्या घरी रिकामं करायचं आणि पुन्हा निघायचं. आपण त्या दिवशी बाटली टाकली तेव्हा म्हातारी अशीच चालत पुढच्या खळ्यावर गेली असेल, हे त्याला चालता चालता सुचलं.

अर्धी खळी झाली असतील नसतील, तोच सकुबाई धावत आली. पदराचा पत्ता नाही, धाप लागलेली.

"आजे, चल! रंभाच्या कळा सुरू झाल्या. पानी गेलं गो, आनि पोर आडवं हाय!"

नवसूच्या डोक्यावरचं डालगं डगमगलं. गोजर लगेच वळली.

खळ्यावर धाकलू होता. तो म्हणाला, "गोजरे, फेरा पुरा नाय झाला. त्याचं सूप यायचंय अजून." तो दुष्टपणानं बोलला नाही. नियम होता तो बोलला.

गोजर थांबली. तिनं धाकलूकडे पाहिलं, मग नवसूकडे. नवसूला एकदम कळलं की आता ही जाईल की थांबेल, ते सगळं आपल्या शब्दावर आहे. आणि आपल्या शब्दाची किंमत काय, हे परवा देवीसमोर सगळ्यांनी पाहिलं आहे.

"आजे, तू जा," तो म्हणाला. "फेरा मी करतो. एकला करतो. एक खळं सोडनार नाय. माजं सूप येतंय, मी हितं सगळ्यांफुडं बोलतो."

म्हातारीनं मान हलवली आणि सकुबाईच्या खांद्यावर हात ठेवून ती निघाली. धाकलूनं बाजूला होऊन वाट दिली.

मग नवसू एकटा फिरला. आता पुढे म्हातारी नव्हती, म्हणून हाकही त्यालाच द्यावी लागली. पहिल्यांदा आवाज फुटेना. मग फुटला, "गोजरआजीचं सूप घाला वो!" घराकडे जीव ओढत होता. वाटेत आपल्या झोपडीचं कूड दिसायचं, आतून रंभाचा आवाज यायचा, आणि तो डालगं सावरून दुसरीकडे वळायचा. आता कुणी शिट्टी मारली नाही. मघाशी बाटलीचं विचारणारी बाई आता पाड्याच्या टोकाच्या एका खळ्यावर आलेली दिसली, तिनं मान खाली घातली. एका म्हाताऱ्यानं सूप शिगोशीग भरलं. त्या मुकेपणापेक्षा नवसूला शिट्टी परवडली असती.

शेवटी तो आपल्या खळ्यावर आला. धाकलूला त्यानं मुद्दाम बोलावून आणलं, आणखी चार माणसांना हाक मारली. "बघा रे," तो म्हणाला. कणगीतलं भात आणून एकेक सूप भरून त्यानं डालग्यात घातलं. सातवं सूप झाल्यावर थांबला, आणि मग ह्या सालाचं आठवं घातलं. कणगीचा तळ दिसत होता. पुढचे महिने नागलीवर काढावे लागणार होते.

डालगं गोजरच्या घरी पोचवून तो धावत घरी आला. दारातच त्याला रडणं ऐकू आलं, बारीक, चिडकं, जिवंत. बाळी दाराशी बसली होती. "आय झोपलीय," ती म्हणाली. "भाऊ झाला."

नवसू आत गेला. रंभा पडली होती, चेहरा पांढराफटक, पण डोळे उघडे होते. तिनं त्याच्याकडे पाहिलं. आधी त्याच्या डोक्याकडे पाहिलं, केसांत अडकलेल्या भाताच्या कुसांकडे, आणि मग डोळे मिटले. आडवं पोर हातानं वळवून काढून दमलेली गोजर पाय पसरून बसली होती, तिच्या मांडीवर पोर.

"सकू," ती म्हणाली, "नवसूची बाटली दे गो."

नवसूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. सकुबाईनं कोपऱ्यातली बाटली उचलून तिच्या हातात दिली. जाड काच, पोटावर फुगीर अक्षरं, ती झिजून गुळगुळीत झालेली. तोंडाला कापडाचा बोळा. आत खुरासणीचं तेल. गोजरनं बोळा काढला, तळहातावर तेल घेतलं आणि पोराच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

"आजे, ही..." नवसूनं बाटलीकडे बोट केलं.

"चांगली बाटली रे ती," गोजर म्हणाली. "पडली तरी फुटत नाय, तेल सांडत नाय. गाडगं किती येळा फुटायचं माजं."

"सात सालांत पाड्यावर जन्मलेलं यकूनयेक पोर हिच्यातल्या तेलानं चोळलंय," सकुबाई म्हणाली. "सगळी तिला नवसूची बाटलीच म्हनतात. तुमाला ठाऊक नाय?"

त्याला ठाऊक नव्हतं. त्याला कोण सांगणार! सात वर्षं पाड्यातल्या घराघरांत, कुणी जन्मलं की त्याचं नाव निघत होतं, आणि तो तिकडे रुळावर बिल्ला मिरवत होता. त्यानं म्हातारीला हिणवायला जे टाकलं होतं, ते तिनं धुऊन पुसून पोरांच्या कामाला लावलं होतं. नवसू भिंतीला टेकून खाली बसला. मुकादमानं, पोरांनी, सगळ्या पाड्यानं मिळून त्याला जेवढं खाली आणलं नव्हतं, तेवढं ह्या झिजलेल्या अक्षरांनी आणलं.

गोजरनं पोर रंभाच्या कुशीत दिलं आणि त्याच्याकडे वळली.

"मान धरली असंल," ती म्हणाली. "सवय नाय तुला. हात फुडं कर, मानंला तेल चोळ."

"नको आजे. माजं ऱ्हाऊ दे."

"का म्हनून? सूप आलं ना तुजं? मग तुजं दुखनं बी माजंच."

त्यानं हात पुढे केला. तिनं त्याच्या तळहातावर तेल ओतलं. ते बोटांच्या फटीतून मनगटावर ओघळलं, तरी नवसू तसाच हात धरून बसून राहिला.